जळक्या हाताचं बी

फुलनच्या अंगाले पहिल्यांदा आग लागली त्या दिवशी मी पोटभर जेवली. खोटं कायले बोलू? भात दोनदा घेतला, वरून वाटीभर ताक पेली, अन् तिच्याकडे पाहत पाहत पेली. पूस महिन्याची थंडी होती. घरचे सगळे शेकोटीले चिकटून बसले होते, अन् फुलन, माझी धाकटी जाऊ, एकाएकी लाल झाली. आधी गळा, मंग गाल, मंग कपाळावर घाम. पदरानं वारा घेऊ लागली. तिचा नवरा मनिराम म्हणे, "काय झालं वो तुले?" ती म्हणे, "काही नाही, धूर लागला." धूर तं दुसऱ्याच बाजूले जाऊन राहिला होता.

मी बरोबर ओळखलं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात ना. मी त्या वंशातून कधीचीच जाऊन आली होती. तिथून येता येता माझं जे लुटलं गेलं, ते याच बाईनं लुटलं होतं. मनात म्हणलं, ये बाई, ये. तुझीच वाट पाहून राहिली होती.

आता मुळापासून सांगते, नाही तं तुम्ही म्हणाल, ही कौतिकाबाई मोठी दुष्ट आहे. दुष्ट आहेच, पण उगाच नाही.

आमचं केशोरीचं घर दोन भावांचं. थोरले बकाराम, माझा नवरा, अन् धाकटा मनिराम. चूल एक, बैलजोडी एक, बी एक. धान पेरायच्या आधी आम्ही बियाले मोड आणतो. धान भिजवायचं, वर तरंगलेलं पोचट काढायचं, उरलेलं टोपल्यात भरायचं, वरून पळसाची पानं, त्यावर तणस म्हणजे धानाचा पेंढा, त्यावर दगड. मंग बी आतल्या आत तापते. तापलं तरच मोड येतात. पण जास्त तापलं तं शिजते, आंबते अन् मरते. म्हणून सकाळ-संध्याकाळ तणस सारून आत हात घालायचा. चटका लागला तं पाणी शिंपडायचं, खालचं वर करायचं, हवा लागू द्यायची. बस, एवढंच. पण एवढं ज्या हाताले कळते त्याले आमच्या मोहल्ल्यात बियाचा हात म्हणत, अन् तो हात माझा होता.

सासूनं मरायच्या आधी तो मले दिला होता. पेरणी आली की मोहल्ल्यातल्या बाया आपापल्या टोपल्या आमच्या आंगणात आणून ठेवत. मी प्रत्येक टोपलीत हात घालून बी वरखाली करी, मंगच त्या टोपल्या घरी नेऊन झाकत. पेरणीच्या दिवशी आमच्या बांधीत, धानाच्या वावरात, पहिली मूठ माझी. मले लेकरू झालं नाही. पण मोहल्ल्यात मले कोणी वांझोटी म्हणलं नाही, म्हणायची हिंमतच नव्हती. जिच्या हातानं अर्ध्या मोहल्ल्याचं धान उगवते तिले वांझोटी कोण म्हणन? फुलनले दोन पोरं होती, एक पोरगी होती. तरी तिचा डोळा माझ्या हातावर होता.

देश आझाद झाला त्याच्या चार-पाच सालांनंतरची गोष्ट. माझा महिना मागंपुढं होऊ लागला. कधी दोन-दोन महिने दूर बसायची पाळीच येत नसे, कधी आला तं थांबायचं नाव घेत नसे. अन् मंग ती गरमी सुरू झाली. छातीतून उठायची, मानेवरून डोक्यात जायची, लुगडं भिजवून टाकायची, अन् उतरली की थंडीनं दात वाजायचे. मी कोणाले सांगितलं नाही. सांगू तं काय सांगू? नवऱ्याले वाटे ताप आहे, मले वाटे मरण आहे. भ्याव वाटलं की गरमी आणखी भडके.

त्याच साली, मोहल्ल्याच्या टोपल्या यायच्या आधीच, घरचं बी भिजवून टोपल्यात भरलं अन् सालेकशाहून सांगावा आला, माझी मोठी बहीण गेली. मी जाता जाता बियात हात फिरवला अन् फुलनले सांगितलं, "सकाळ-संध्याकाळ हात घाल. तापलं तं पाणी शिंपड. बाकी काही करू नको." ती म्हणे, "मले का समजत नाही बाई?"

परत आली तं आंगणात माणसंच माणसं. आत पाय टाकला अन् वास आला. सडलेल्या मोहफुलासारखा, आंबट. मी धावत टोपलीजवळ गेली, आत हात घातला, तं बी पिचपिचीत. शिजलं होतं. एकाले मोड नाही.

अन् नेमकं तेव्हाच माझ्या छातीतून ते उठलं. चालून आलेली, रडून आलेली, वरून हा धक्का. सगळ्यांच्या समोर मी लाल झाली, घाम गळू लागला. फुलननं माझ्याकडे बोट केलं. "पहा," म्हणे, "डोळ्यानं पहा. हिच्या अंगातून जाळ निघून राहिला. याच हातानं हिनं जाताना बी चाळलं. जळन नाही तं काय होईन?"

सगळ्यांनी पाहिलं. समोर जळलेलं बी, समोर जळती बाई. आणखी काय पाहिजे होतं? मोहल्ल्यातली नंदाबाई, जिची टोपली मी दरसाल चाळून देई, तिनं तोंडावर पदर घेतला अन् दोन पावलं मागं सरकली. बाकीच्या तिच्या मागं सरकल्या.

संध्याकाळी मी परसात गेली. काठीवर फुलनची घोंगडी वाळत होती. मिरगाच्या तोंडावर, इतक्या उकाड्यात, घोंगडी कोण काढते? जवळ जाऊन नाक लावलं. आंबलेल्या धानाचा वास. खाली गरम पाण्याचा हंडा पालथा होता, अन् त्याच्या बुडाले धानाचे दोन दाणे चिकटले होते. बाईनं बियावर गरम पाणी ओतलं होतं अन् वरून घोंगडी दाबली होती. माझ्यापेक्षा लवकर मोड आणून दाखवायचे होते तिले. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

मी नवऱ्याले हाताले धरून परसात नेलं. घोंगडी दाखवली, हंडा दाखवला. बकारामनं पाहिलं, दाणे बोटानं काढून फेकून दिले, अन् म्हणे, "आता पुरं कर. घर फुटन." घर नाही फुटलं. माझंच फुटलं, पण ते कोणाले दिसलं नाही.

त्या दिवसापासून बियाले हात लावायचा नाही. पेरणीत नाही, रोवणीत परह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपाच्या, जुड्या वाटायच्या नाही, नवं धान घरी आलं तं कोठीत टाकायचं नाही. शेणगोठा कर, चूल कर. टोपल्या आता फुलनपुढं येऊ लागल्या. पेरणीले ती पुढं मोकळ्या हातानं चाले अन् मी मागून डोक्यावर झाकलेली टोपली घेऊन. पहिली मूठ ती टाके. माझं नाव पडलं जळक्या हाताची. अन् जो शब्द इतकी सालं कोणाच्या तोंडून निघाला नव्हता तो मी विहिरीवर ऐकला. वांझोटी ते वांझोटी, वरून जळकी.

मी तोंडाले कुलूप लावलं. पण चावी फेकली नाही.

गयाबाई सुईण मले पुढच्या उन्हाळ्यात भेटली. ती म्हणे, "अवो, हे बिमारी नाही. बाईचा महिना जाताना असाच जाते, पाय आपटत जाते. कोणाले साल, कोणाले चार साल. मंग आपोआप थंड होते." मी विचारलं, "मंग तू त्या दिवशी आंगणात होती, बोलली काऊन नाही?" म्हणे, "माणसं उभी होती ना. बायांच्या गोष्टी माणसांसमोर बोलत नाहीत." मले तिचा असा राग आला की काय सांगू. एका बाईचा जीव गेला तरी चालन, पण माणसांच्या कानाले धक्का लागू नये. ती मंग दोन सालात वारली.

बिमारी नाही हे तिनं सांगितलं, पण करायचं काय हे मले बियानं सांगितलं. एक दिवस चुलीजवळ गरमी उठली, अन् मनात आलं, कौतिका, हे बी असतं तं तू काय केलं असतं? झाकण काढलं असतं. पाणी शिंपडलं असतं. हवा लागू दिली असती. मंग मी तसंच केलं. लुगड्याची गाठ ढिली केली, मानेवर ओला फडका ठेवला, दाराच्या वाऱ्यात जाऊन बसली अन् श्वास हळूहळू सोडला. घाबरली नाही. आली तशी गेली. मंग मी चहा सोडला, तो पेला की हमखास उठे. तिखट कमी केलं. झोपायची जागा दाराजवळ केली. सकाळी आंबील, दुपारी ताक. गरमी येतच राहिली, पण माझ्या डोक्यावर नाचणं तिनं बंद केलं. तीन-चार सालात बंदही झाली.

अन् मंग ती फुलनकडे गेली.

त्याच्या थोडं आधीच आम्ही नागपूरच्या सरकारातून मुंबईच्या सरकारात गेलो होतो. सरकार बदललं, माझी चूल काही बदलली नव्हती. पण त्या पूस महिन्यात मले चुलीजवळ बसायले पहिल्यांदा मजा आली. फुलनले मी मुद्दाम चुलीजवळचा पाट द्यायची. "बस वो, थंडी आहे." रस्स्यात मिरच्या मूठभर जास्त. ती उठून जाऊ लागली की चहाचा पेला पुढं करायची. चारचौघी बसल्या असल्या की मोठ्यानं विचारायची, "फुलन, घाम कायचा वो तुले?" तिचा चेहरा पांढरा होई अन् लगेच लाल. मले बरं वाटे. एक-एक मिरची मी मोजून नाही, मनापासून टाकली.

ती तं भ्यावानं अर्धी झाली. तिनंच रचलेली गोष्ट तिच्यावर उलटली होती. जळत्या बाईच्या हातानं बी जळते, हे तिनंच मोहल्ल्याले शिकवलं होतं. अन् ती उलटंच करे. कोणाले दिसू नये म्हणून पदर घट्ट गुंडाळे, दार लावून बसे, काढे पिऊन घाम काढे. जितकं झाके तितकी तापे. इतक्या सालांत बियापासून काही शिकली नव्हती.

फागुन संपता संपता, भरदुपारी, मी गोठ्यात शेण काढून राहिली होती तेव्हा ती आली. डोळे खोल गेलेले. म्हणे, "बाई, तुम्ही बऱ्या कशा झाल्या?"

"कशातून?"

"उगाच काऊन छळता? तुमाले मालूम आहे."

मी फावडं भिंतीले टेकवलं. "इलाज आहे," म्हणलं, "सोपा आहे. आज सांगितला तं उद्या तुले झोप येईन. पण आधी तू बोल. टोपल्या येतील त्या दिवशी, सगळ्या बायांसमोर. त्या साली बी कोणी शिजवलं ते."

तिनं दाराबाहेर कोणी आहे का ते पाहिलं. मंग म्हणे, "मंग माझ्या हातातून बी जाईन."

"माझ्या हातातून गेलं तेव्हा?"

ती निघून गेली. मी पुन्हा फावडं हाती घेतलं. म्हणलं, जळ मंग.

मिरग आला. बांधीत चिखल झाला, बी भिजलं, अन् टोपल्यांचा दिवस उगवला. आंगण बायांनी भरलं. मनिराम, बकाराम ओसरीवर उभे. मी नेहमीसारखी भिंतीजवळ, टोपल्यांपासून दूर. फुलन आमच्या घरच्या टोपलीजवळ बसली, हात पुढं केला, अन् तो तसाच हवेत थांबला. मले माझ्या जागेवरून दिसलं. गळ्यातून वर चढून राहिलं होतं. चेहरा लाल झाला, कपाळ भिजलं, थेंब हनुवटीवरून टोपलीत पडला.

नंदाबाई म्हणे, "अवो, हिचंही अंग जळून राहिलं."

बायांचे हात आपापल्या टोपल्यांवर गेले. त्या दिवशीसारख्याच दोन पावलं मागं सरकल्या. फुलननं हात छातीशी ओढून घेतला अन् माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यात काय होतं ते मले पूर्ण मालूम होतं. मीही त्या दिवशी असंच कोणाकडे तरी पाहिलं होतं.

हेच तं मी मागितलं होतं. इतक्या सालांची उपास-तापास केलेली मागणी समोर ताटात वाढून आली होती. मले फक्त गप्प बसायचं होतं. मी जिभेवर गोड चव घेऊन उभी होती, अन् तेव्हाच माझ्या डोक्यात घंटी वाजली. आज फुलनचा हात जळका ठरला तं माझाही जळकाच ठरते, अन् कायमचा ठरते. तिले मारायले जी काठी मिळाली होती ती माझ्याच पाठीवर मोडणार होती. नाही बाप्पा. मले इतका स्वस्त बदला नको होता.

मी पुढं गेली, फुलनचा दंड धरला अन् तिचा हात कोपरापर्यंत बियात खुपसला. ती ओरडली, "बाई, बी जळन."

"जळू दे," मी म्हणलं. "सगळ्यांनी नीट पाहा. अंग तापलेलं आहे, घाम गळून राहिला आहे, अन् हात बियात आहे. तुमच्या टोपल्या तुम्ही घेऊन जा. ही टोपली आमच्या घरची. हिले फक्त फुलनचा हात लागन, दुसऱ्या कोणाचा नाही. मोड यायच्या दिवशी या अन् पाहा."

बकाराम ओसरीवरून म्हणे, "अवो, सालभराचं धान आहे ते."

"त्या सालीही होतं," मी म्हणलं. त्यानं मान खाली घातली.

मंग मी फुलनले टोपलीजवळ बसवलं. सकाळ-संध्याकाळ मी बाजूले उभी राहायची, हात पाठीमागं बांधून. "तणस सार. हात घाल. तापलं?" "तापलं." "पाणी शिंपड. खालचं वर कर. आता राहू दे उघडं, हवा लागू दे." ती तसं तसं करे. तेवढ्यात तिले गरमी उठली तरी मी तिले उठू दिलं नाही. ती टोपलीजवळून हलेना, तिथंच जेवली, तिथंच पडली. तिले भ्याव होतं, मी गुपचूप येऊन गरम पाणी ओतीन म्हणून. तिले दुसरं काय सुचणार?

मोड यायच्या दिवशी मोहल्ला लोटला. फुलननं दगड काढला, तणस काढलं, पानं काढली. मूठभर बी वर काढलं. पांढरे, टपोरे मोड, दाण्या-दाण्याले. नंदाबाईनं खाली-वर, मधून, कडेनं, सगळीकडून बी काढून पाहिलं. म्हणे, "सगळं उगवलं. वाचलं बाई घर."

फुलन रडू लागली. हसू लागली. तिले वाटलं, सुटली.

मी तिले पुरतं हसू दिलं. मंग विचारलं, "नंदाबाई, जळत्या हाताचं बी उगवते ना?"

"उगवलं तं आहे. डोळ्यानं पाहिलं."

"मंग त्या साली माझ्या हाताचं काऊन जळलं?"

हळूहळू एक-एक मान फुलनकडे वळली. ती टोपली तेव्हा कोणाच्या ताब्यात होती हे सगळ्यांले मालूम होतं, फक्त कोणी मनात आणलं नव्हतं. मनिराम म्हणे, "वहिनी, जाऊ द्या ना. जुनी गोष्ट आहे."

"तुझ्यासाठी जुनी. मी आजही तिच्यावरच झोपून उठली."

फुलनचा चेहरा लाल झाला होता. या वेळची लाली महिन्याची नव्हती, ती मी ओळखते. तिनं मोडांची मूठ टोपलीत सोडली. "गरम पाणी मी ओतलं," म्हणे. "घोंगडी मी घातली. वाटलं, लवकर मोड येतील, बाईपेक्षा लवकर."

नंदाबाई माझ्याकडे आली. "कौतिकाबाई, आमाले काय मालूम—"

"मालूम करून घेतलं नाही," मी म्हणलं. "पुढच्या साली टोपली आणायची तं आणा. हात लावायचा का नाही, ते मी त्या दिवशी पाहीन."

बकाराम म्हणे, "मले वाटलं होतं—" मी म्हणलं, "तुमाले वाटलं नव्हतं, तुम्ही पाहिलं होतं." तो आपल्या वहाणा शोधू लागला. वहाणा त्याच्या पायातच होत्या.

मी हात धुतले अन् बांधीकडे निघाली, मोकळ्या हातानं. मागं वळून म्हणलं, "फुलन, टोपली घे." तिनं टोपली डोक्यावर घेतली अन् माझ्या मागं चालू लागली. इतकी सालं मी जशी चालली होती तशी.

धुऱ्याच्या पाऊलवाटेवर अर्ध्यात तिचे पाय थांबले. "बाई, उठलं. जरा थांबा."

मी थांबली. टोपली उतरवून घेतली. "बस," म्हणलं. "लुगडं ढिलं कर. तोंड वाऱ्याकडे कर. भिऊ नको, भिलं की वाढते. श्वास हळू सोड. जाते ते." पदराचं टोक बांधीच्या पाण्यात बुडवून तिच्या मानेवर ठेवलं. जरा जोरातच ठेवलं. "अन् आजपासून चहा बंद. मिरच्या मी कमी करते."

ती बसून राहिली. लाली उतरली, घाम वाळला. तिनं वर पाहिलं, अन् तिच्या चेहऱ्यावर दिसलं, तिले वाटून राहिलं होतं की आता टोपली मी घेईन.

मी नुसती उभी राहिली, हात पुढं केला नाही. तिनं टोपली उचलून पुन्हा डोक्यावर घेतली. मी घेऊ दिली.